घरचें आरोग्य : जठराचें अस्तर आणि ज्येष्ठमधाची पुडी

आमच्या घरीं औषधांची एक जुनी लांकडी पेटी आहे. सुंठ, पिंपळी, बाळहिरडा, मुरडशेंग, वेखंड, ज्येष्ठमध अशीं सहा-सात औषधें तिच्यांत चिंध्यांच्या पुरचुंड्यांत बांधून ठेविलेलीं असतात. परभणी जिल्ह्यांतल्या आमच्या त्या मोठ्या कुटुंबांत मूल रडूं लागलें कीं ही पेटी उघडे, आणि पाहुण्याचें पोट बिघडलें कीं हीच पेटी उघडे. तिची किल्ली थोरल्या काकूंच्या कमरेस असे. ह्या पेटीवर माझी लहानपणापासून श्रद्धा आहे, ती अजूनहि ढळलेली नाहीं. तरी ह्या महिन्यांत मी लिहिणार आहें तें त्याच पेटींतल्या एका पुडीविषयीं. ती पुडी मीच आणून दिली होती, म्हणून हें लिहिणें मला अधिकच अवश्य वाटतें.

मी डॉक्टर नव्हे आणि वैद्यहि नव्हे. मुलांना रसायनशास्त्र शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. त्यामुळें ‘अर्क’ ह्या शब्दाचें मला कौतुक आहे, आणि त्या कौतुकानेंच मला एकदां फसविलें.

काकूंनीं सत्तरी ओलांडली होती. गुडघे दुखत. जिना चढणें, देवापुढें मांडी घालून बसणें कठीण झालें, तेव्हां त्यांनीं औषधांच्या दुकानांतून वेदना थांबविणाऱ्या गोळ्या मागविण्यास आरंभ केला. डॉक्टरांची चिठ्ठी पहिल्या वेळीं होती. पुढें दुकानदारासच नांव पाठ झालें. पूजा झाल्यावांचून अन्नास स्पर्श करावयाचा नाहीं हा त्यांचा नेम. म्हणून गोळी घ्यावयाची ती सकाळीं घोटभर पाण्याबरोबर, रित्या पोटीं. एकादशीस व चतुर्थीसहि गोळी चुकत नसे. चुके तें अन्न. रक्तदाबाची गोळी निराळी चालूच होती. कांहीं महिन्यांनीं त्यांना छातीखालीं जळजळ होऊं लागली आणि रात्रीं दोनच्या सुमारास पोटांत कळ येऊन झोंप मोडूं लागली.

दिवाळीच्या सुटींत घरची एक नात आली. ती औषधनिर्माणशास्त्र शिकत होती. जेवतांना तिनें आपल्या महाविद्यालयांतील प्रयोग सांगितला. उंदरांना आधीं एका वनस्पतीचा अर्क पाजला, मग वेदनाशामक औषध दिलें. अर्क न मिळालेल्या उंदरांच्या जठरांत पुष्कळ व्रण झाले, मिळालेल्यांच्या जठरांत थोडे. पंक्तींतल्या सर्वांस आनंद झाला. काकू वाढतां वाढतां म्हणाल्या, “मग आपल्या ज्येष्ठमधानें काय घोडें मारलें आहे?” दुसऱ्या दिवशीं मला हांक मारून त्या म्हणाल्या, “अरे, परभणीस चाललास तर येतांना पावशेर ज्येष्ठमध आण. जाड, आंतून पिवळा पाहून घे.” मी बाजारांतल्या काष्ठौषधींच्या दुकानांतून तो पारखून आणला.

दोन महिने सकाळ-संध्याकाळ काढा चालला. जळजळ खरोखरच कमी झाली. काकूंचा विश्वास वाढला, आणि गुडघ्याची एक गोळी होती तिथें दोन झाल्या. मग घोट्यांवर सूज आली, रक्तदाब वाढला, पायांत बळ राहिनासें झालें. वयाचें दुखणें म्हणून आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. आणि एक गोष्ट काकूंनीं कोणालाच सांगितली नाहीं. आठ दिवस त्यांना डांबरासारखें काळें शौचास होत होतें. सुना, नाती, पुतणे ह्यांनीं भरलेल्या घरांत असली गोष्ट बोलावयाची कशी? एके दिवशीं पहाटे तुळशीस पाणी घालतांना त्यांना घेरी आली आणि त्या वृंदावनाजवळ कोसळल्या.

रुग्णालयांत दुर्बिणीनें जठर तपासलें, तेव्हां रक्त झिरपणारा व्रण दिसला. रक्तांतलें पोटॅशियमहि फार घटलें होतें. त्यांना रक्त द्यावें लागलें. डॉक्टरांनीं विचारलें, “ह्या आणखी कोणतें औषध घेतात?” आम्ही एकमुखानें म्हणालों, “कांहीं नाहीं.” काढा हें औषध आहे असें आमच्या मनांतहि आलें नाहीं. ती पुडी माझ्या ध्यानांत आली ती तिसऱ्या दिवशीं, आणि मग मी डॉक्टरांकडे जाऊन ती सांगितली.

काकू वांचल्या. पण त्या दिवसांत जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवावें असें मनांत आहे. कारण हीच पेटी, ह्याच गोळ्या आणि हाच संकोच पुष्कळ घरीं असेल.

जठर हें मोठें नवलाचें पात्र आहे. त्यांत रोज सुमारें दोन लिटर रस पाझरतो आणि त्यांतलें हायड्रोक्लोरिक आम्ल इतकें तीव्र असतें कीं तें मांस पचवूं शकतें. मग तें जठरासच कां पचवीत नाहीं? कारण जठराच्या आंतल्या बाजूस चिकट श्लेष्म्याचा एक थर असतो, त्यांत आम्लाचा मारा शमविणारा बायकार्बोनेट क्षार असतो, आणि त्याखालच्या पेशी दर कांहीं दिवसांनीं नव्या होतात. कल्हई केलेल्या भांड्यांत चिंच कोळून ठेविली तरी भांड्यास बाधत नाहीं. कल्हई उडाली कीं मात्र भांडें कळकतें. जठराची कल्हई म्हणजे हें अस्तर. भांड्याची कल्हई वर्षां-सहा महिन्यांनीं करावी लागते. जठर आपली कल्हई स्वतः, अहोरात्र करीत असतें.

ही कल्हई उडविणारे दोन मुख्य शत्रु आज ठाऊक आहेत. पहिला एक जंतु. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल ह्यांनीं १९८२ सालीं जठराच्या अस्तरांत राहणारे मळसूत्री आकाराचे जंतु वेगळे काढले. ह्या जंतूस आतां हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. जठराच्या आम्लांत जंतु जगेल हें कोणी मानीना, म्हणून १९८४ सालीं मार्शल स्वतः त्या जंतूंचा द्रव प्याले आणि त्यांच्या जठरास दाह झाला. दोघांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा जंतु जगांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटांत असतो. बहुतेकांस त्याचा कांहीं उपद्रव होत नाहीं, पण थोड्यांस व्रण होतो.

दुसरा शत्रु म्हणजे वेदनाशामक गोळ्या. ॲस्पिरिन आणि त्या जातीचीं औषधें शरीरांतील प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होऊं देत नाहींत, हें जॉन व्हेन ह्यांनीं १९७१ सालीं दाखविलें. गुडघ्याची सूज व वेदना ह्यांच्या वाढीस हींच द्रव्यें कारण असतात, म्हणून गोळीनें आराम पडतो. पण जठराचें अस्तर राखण्याचें कामहि तींच करतात. म्हणजे गोळी एका घरचें भांडण मिटवितांना दुसऱ्या घरचा पहारेकरी काढून नेते.

आपल्याकडे व्रणास तिखट कारण असें समजतात, आणि आमच्या जिल्ह्यांत ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा खाणाऱ्यांस त्याबद्दल पुष्कळ बोल ऐकावे लागतात. तिखटानें झालेला व्रण झोंबेल खरा. परंतु व्रणाचें मूळ तिखटांत नाहीं. ठेचा सोडून गोळ्या चालू ठेवणें म्हणजे चोरास घरांत घेऊन शेजाऱ्यावर कुत्रें सोडणें होय.

आतां वनस्पतींकडे वळूं. आपल्या पूर्वाचार्यांनीं पोटदुखीकडे बारकाईनें पाहिलें होतें. अन्न पचतेवेळीं उठणारा तो परिणामशूल आणि अन्नद्रवशूल निराळा, असा भेद माधवनिदानांत केलेला आहे. यष्टीमधु, शतावरी, आमलकी हीं नांवें वैद्यांच्या नित्य वापरांतलीं. म्हणून ह्या वनस्पती खोट्या, असें मी म्हणत नाहीं. उलट ज्येष्ठमधाची परीक्षा तर पाश्चात्त्यांनींहि घेतली आहे, आणि ती कथा आमच्या काकूंच्या कथेशीं विलक्षण जुळते.

१९४६ सालीं नेदरलंड्समधील रेव्हर्स नांवाच्या डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलें कीं, ज्येष्ठमधाच्या घट्ट अर्कानें जठरव्रणाच्या रोग्यांस गुण येतो. मात्र त्यांच्या कित्येक रोग्यांच्या तोंडावर व हातापायांवर सूज येऊं लागली. तरी ह्याच मुळाच्या आधारानें संशोधकांनीं १९६० च्या सुमारास कार्बेनॉक्सोलोन नांवाचें औषध तयार केलें. त्यानें जठरव्रण भरून येतो हें रोग्यांवर नीट प्रयोग करून सिद्ध झालें. जठरव्रण खरोखर भरून काढणाऱ्या पहिल्या औषधांपैकीं तें एक. म्हणजे आपल्या आजीबाईंच्या पुडीचेंच तें वंशज. परंतु सूज, वाढलेला रक्तदाब आणि घटलेलें पोटॅशियम हे दोष त्यालाहि सुटले नाहींत. १९७६ पासून सिमेटिडिन आणि १९८८ नंतर ओमेप्रॅझोल हीं आम्ल कमी करणारीं औषधें आलीं, आणि कार्बेनॉक्सोलोन मागें पडलें.

हा दोष कां? ज्येष्ठमधाची गोडी ज्या ग्लिसिऱ्हायझिन नांवाच्या द्रव्यांत आहे, तें मूत्रपिंडांतील एका किण्वाचें काम थांबवितें. मग शरीर मीठ व पाणी धरून ठेवतें आणि पोटॅशियम बाहेर टाकतें. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनींहि पोटॅशियम जातें. दोन्ही एकत्र आलीं म्हणजे पायांतलें बळ जातें आणि हृदयाची गतिहि बिघडूं शकते. युरोपांत ह्या द्रव्याची मर्यादा रोज १०० मिलिग्रॅम अशी सुचविली गेली आहे. मुळांत तें शेंकडा चार धरलें, तर अडीच ग्रॅम ज्येष्ठमधांत ती मर्यादा भरते. आमच्या काकूंच्या काढ्यांत रोज दोन वेळां मिळून दहा ग्रॅम तरी पडत असे. हें द्रव्य पाण्यांत सहज उतरतें. म्हणून काढा सौम्य असतो हाहि भ्रमच. खोकल्यासाठीं दोन-चार दिवस कांडी चघळणें निराळें आणि महिनोन्महिने काढा पिणें निराळें.

दुसरें उदाहरण कच्च्या केळ्याचें. काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांतील सन्याल आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत प्राण्यांवर प्रयोग करून केळ्याचा जठरास होणारा उपयोग तपासला. पुढें १९८४ सालीं इंग्लंडांत बेस्ट, लुईस आणि नासर ह्यांनीं दाखविलें कीं, भाजीच्या कच्च्या केळ्याच्या वाळविलेल्या पिठानें ॲस्पिरिनचे व्रण उंदरांत कमी होतात आणि जठराचें अस्तर जाड होतें. ही गोष्ट आशादायक आहे आणि कच्च्या केळ्याच्या भाजींत भय कांहींच नाहीं. पण ती भाजी म्हणूनच खावी, औषध म्हणून तिच्यावर विसंबूं नये.

तिसरें उदाहरण हळदीचें. वसमत तालुका १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यांत होता, आतां हिंगोलींत आहे. तेथल्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हळदींतल्या कुर्क्युमिनचा प्रयोग थायलंडांत माणसांवर झाला आणि तो २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. अपचनाच्या दोनशेंवर रोग्यांपैकीं १५१ जणांनीं तो पुरा केला, आणि कुर्क्युमिननें ओमेप्रॅझोलइतकाच आराम वाटला. मात्र हा आराम अपचनाचा, व्रणाचा नव्हे. शिवाय रोजचें प्रमाण २ ग्रॅम कुर्क्युमिन. हळदींत तें शेंकडा तीन धरलें तर रोज सुमारें सदुसष्ट ग्रॅम हळद झाली! दुधांतल्या चिमूटभर हळदीस त्या प्रयोगाचा दाखला देतां येत नाहीं. आणि तें प्रमाण गांठण्यासाठीं बाजारच्या तीव्र गोळ्या घ्याव्या, तर त्यांनीं यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणें अलीकडे नोंदलीं गेलीं आहेत.

आतां आमच्या नातीचा उंदरांचा प्रयोग. तो खोटा नव्हता. आम्हीं तो चुकीचा वाचला. उंदराला चोवीस तास उपाशीं ठेवतात, अर्क पाजतात, तास-अर्ध्या तासानें व्रण करणारें औषध देतात, आणि कांहीं तासांनीं जठर उघडून व्रण मोजतात. ह्यांत कळतें तें एवढेंच कीं, निरोगी जठरावर घाव पडण्यापूर्वीं ढाल धरली तर घाव कमी बसतो. आधींच झालेला व्रण भरतो कीं नाहीं, जंतु मरतो कीं नाहीं, दोन महिने घेतल्यास मूत्रपिंडावर काय होतें, ह्यांचें उत्तर त्यांत नसतें.

प्रमाणाचा हिशेबहि करून पाहूं. उंदरास दर किलो वजनामागें २०० मिलिग्रॅम अर्क दिला असें समजा. उंदराचें प्रमाण माणसास लावतांना साधारण सहानें भागतात. तरी साठ किलोच्या माणसास दोन ग्रॅम अर्क झाला. दहा ग्रॅम वाळलेल्या पाल्यांतून एक ग्रॅम अर्क निघाला असें धरलें, तर वीस ग्रॅम पाला रोज लागेल. तोहि बहुधा मद्यार्कांत काढलेला. पाण्याच्या काढ्यांत तींच द्रव्यें उतरतील असें नाहीं.

परभणीच्या लोकांस ही गोष्ट समजण्यास कठीण जाऊं नये. १९७२ सालीं स्थापन झालेल्या येथल्या कृषि विद्यापीठानें ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण शेतकऱ्यांस दिले. नवा वाण आधीं विद्यापीठाच्या वाफ्यांत पेरून पाहतात, मग निरनिराळ्या ठिकाणीं, मग शेतकऱ्यांच्या रानांत. सारें उतरलें म्हणजे शिफारस होते. वाफ्यांतलें एक जोमदार कणीस पाहून कोणी आपलें सारें रान त्याखालीं आणीत नाहीं. उंदराचा प्रयोग हा पहिला वाफा आहे. बियाण्याच्या बाबतींत जेवढा धीर आपण धरतों, तेवढा पोटाच्या बाबतींत कां धरूं नये?

तेव्हां घरांत काय करावें? वेदनाशामक गोळी डॉक्टरांस विचारल्यावांचून रोज घेऊं नये, आणि रित्या पोटीं तर नकोच. ती दीर्घ काळ घेणें प्राप्तच असेल तर जठर राखणारें औषध तिच्या जोडीस हवें का, हें त्यांस विचारावें. हृदयविकारासाठीं दिलेली ॲस्पिरिनची गोळी मात्र भीतीनें आपण होऊन बंद करूं नये. वारंवार जळजळ होत असेल, रात्रीं कळ येऊन जाग येत असेल, तर जंतूची तपासणी करून घ्यावी. ती श्वासावरून किंवा शौचावरूनहि होते. जंतु सांपडला तर बहुधा चौदा दिवसांचीं औषधें देतात. तीं पुरीं घ्यावीं. चौथ्या दिवशीं बरें वाटलें म्हणून सोडूं नयेत.

काळें, डांबरासारखें शौचास होणें, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी ओकारी, पोट एकाएकीं लांकडासारखें कडक होऊन असह्य दुखणें, घेरी, घास उतरण्यास अडचण, कारणावांचून वजन घटणें, ह्यांपैकीं कांहींहि दिसलें तर पेटी उघडूं नये. रुग्णालयाची वाट धरावी. लोहाच्या गोळीनेंहि शौचाचा रंग काळा होतो हें खरें, पण तो निर्णय घरीं बसून करावयाचा नव्हे.

आणि डॉक्टरांनीं विचारलें तर सर्व सांगावें. काढा, चूर्ण, चाटण, आसव हीं सारीं औषधेंच आहेत. जें गुण देतें तें अवगुणहि देऊं शकतें. ज्यांत दोष मुळींच नाहीं त्यांत बहुधा औषधहि नसतें.

काकू घरीं आल्या, तेव्हां पेटीचें काय करावें असा प्रश्न निघाला. धाकट्या मंडळींचें म्हणणें, ती माळ्यावर टाकावी. काकूंनीं तें मानलें नाहीं. त्यांनीं नातीस जवळ बसविलें, प्रत्येक पुरचुंडीस एक चिठ्ठी बांधविली आणि कशासाठीं, किती, किती दिवस व कोणी घेऊं नये हें तिच्याकडून लिहविलें. ज्येष्ठमधाच्या चिठ्ठीवर तिनें लिहिलें, “खोकल्यास, दोन-तीन दिवस. रक्तदाब असणाऱ्यांस व गर्भिणीस नको.” गुडघ्याची गोळी आतां डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें, क्वचित् आणि जेवणानंतर असते, पूजेआधीं थोडें दूध घेण्याची मोकळीक काकूंनीं स्वतःच स्वतःस दिली आहे. “देव काय उपाशीं मरायला सांगतो?” असें त्याच आतां इतरांस विचारतात.

मला मात्र दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. परवां आमच्या धाकट्या वहिनींना दोन दिवस बरें वाटत नव्हतें. काकूंनीं त्यांना माजघरांत नेऊन, दार लोटून, सरळ विचारलें, “शौचाचा रंग कसा आहे?” आमच्या घरांत हा प्रश्न पूर्वीं कोणी कोणास विचारला नव्हता. तो विचारण्यास पुडी लागत नाहीं आणि अर्कहि लागत नाहीं.